बयाजीचं पेव

पुन्हा तेच सांगायचं का? बसा मग, पण चुळबुळ नको. मागल्या खेपेला अर्ध्यातच दोघं चहाला उठून गेले. ज्याला उठायचंय त्यानं आत्ताच उठावं.

फार वर्षांपूर्वी, गावाला धड गाडीवाटही नव्हती तेव्हा, ढोकरवाडीत बयाजी नावाचा पेवकरी होता. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं ज्वारीचं कोठार. तोंड माणूस उतरेल एवढं, पोट घराएवढं. आतून कडबा लावायचा, ज्वारी ओतायची, वर शिळा ठेवून शेणमातीनं लिंपायचं. हवा लागली नाही तर दाणा वर्षानुवर्षं टिकतो. पण शिळा एकदा हलली की सगळं पेव उपसावंच लागतं, नाहीतर ज्वारी सडते. म्हणून गावपेव दुष्काळातच उघडायचं आणि ते पेवकऱ्यानंच, अशी रीत.

तेव्हा गावपेव रिकामं असलं की सुगीत आधी ते भरायचं, मगच धान्य शिवेबाहेर जायचं. राजाला कुणीतरी नवं सुचवलं. दवंडी पिटली, ज्याला वाटेल त्यानं, वाटेल तिथं, वाटेल त्या भावानं विकावं, शिवेवर कुणी अडवणार नाही. राजा काही वाईट नव्हता. लोकांना चार पैसे मिळाले, खोटं कशाला बोला? बैलांचे तांडे आले, बायकांच्या हातात चांदीच्या पाटल्या आल्या. दुसऱ्या वर्षी लोकांनी ज्वारी सोडून कापूस पेरला. तिसऱ्या वर्षी पाटलाची नजर गावपेवावर गेली.

"बयाजी, शिळंवर बसून अंडी उबवतोस काय रं? काढ ती ज्वारी. लागली तर तांडा आणून देईल. वाट उघडी हाय आता."

"जाणाऱ्यालाबी उघडीच हाय, पाटील," बयाजी म्हणाला आणि शिळेवरून उठला नाही.

मग कुणीतरी पिल्लू सोडलं. पेवात काही नाहीच म्हणे, बयाजीनं कधीच विकून खाल्लं, म्हणून तर उघडत नाही. गावाला ते लगेच पटलं. माणसाला असलं लगेच पटतं.

"एकदा उघडा आणि मारा त्यांच्या तोंडावर," त्याची बायको येसू म्हणाली. "चोराची बायको म्हणून विहिरीवर मला कुणी जागा देईना."

"उघडलं की उपसावं लागतं. उपसलं की तांडा नेणार. मग मी साव ठरंन, पर पेव रिकामं व्हईल."

"आन् माझं काय?"

बयाजी उठून शिळेवर जाऊन बसला. येसू माहेरी गेली ती परत आली नाही. न्हाव्यानं त्याची दाढी करायचं सोडलं. लग्नाची बोलावणी त्याचं दार टाळून पुढं जाऊ लागली. तो रोज शिळेला कान लावून बसायचा. आतली ज्वारी त्याच्याशी बोलायची, असं म्हणतात. दुसरं होतं कोण बोलायला?

अशी सात वर्षं गेली. मग दोन पावसाळे कोरडे गेले. कापूस जळाला, आणि तो असता तरी खायचा कसा? एक दिवस तांडा आला, बैल ज्वारीनं लादलेले. पाटील बायकोच्या पाटल्या घेऊन तांड्याला आडवा गेला.

"पल्याडच्या मुलखात सोनं देतात," तांड्याचा नाईक म्हणाला. बैल गावातून सरळ निघून गेले. गोण्यांतून सांडलेले चार दाणे बायकांनी मातीतून वेचले.

त्याच दिवशी बयाजीनं शिळा हलवली. सगळा गाव भोवती जमला. त्यानं दोरीला दिवा बांधून आत सोडला. दिवा विझला. बंद पेवात हवा विषारी होते, दिवा तगेपर्यंत उतरायचं नसतं.

"उद्या उतरतो," तो म्हणाला.

"उद्यापतुर पळून जाशील की!" मागून कुणीतरी हसलं.

टोमणे त्याच्या अंगवळणी पडले होते. पण पुढं एक बाई उभी होती, खांद्यावर मान टाकलेलं पोर घेऊन. "उद्यापतुर हे ऱ्हायचं न्हाई, बाबा," एवढंच ती म्हणाली. बयाजीनं पोराकडं पाहिलं, पाटी घेतली आणि उतरला.

पहिली पाटी वर आली, शिगोशीग. मग दुसरी, तिसरी. तीन दिवस पाट्या येत राहिल्या. घराघरातल्या कणग्या भरल्या तरी येत राहिल्या. पहिल्याच पाटीला त्याचा श्वास संपला होता, पण पाट्या भरायच्या थांबल्या नाहीत, असं म्हणतात. शेवटी दोरी रिकामी आली. दिवा सोडला, तो छान तेवला. लोक उतरले. आत जमीन झाडून ठेवल्यासारखी साफ, आणि बयाजी नाही.

तीन दिवस गाव त्या तोंडाशी उभा होता. "चुकलं आमचं" असं आत वाकून एकानंही म्हटलं नव्हतं.

म्हणून आजही सुगीनंतर ढोकरवाडीत दरसाल एक लहानसं नवं पेव खणतात आणि घरटी एक पाटी ज्वारी त्यात पडते. बाजारात भाव कितीही चढो, ती पडतेच. शिळा ठेवायच्या आधी प्रत्येक घरचा माणूस आत वाकतो आणि मोठ्यानं म्हणतो, "बयाजी, चुकलं आमचं."

ही पेवं लिंपायचं, राखायचं काम हल्ली माझ्याकडं आहे. दोन वर्षांपूर्वी भर चावडीत एकजण म्हणाला, म्हातारा आतली ज्वारी विकून खातो, मागली पेवं उघडून दाखवा. मी उघडली नाहीत, उघडणारही नाही. तेव्हापासून माझ्या ओट्यावर फारसं कुणी येत नाही. तो मात्र दर सुगीला नव्या पेवात वाकून चांगल्या खणखणीत आवाजात "चुकलं" म्हणतो. माझं घर तिथून वीस पावलांवर आहे. तेवढं चालणं त्याला अजून जमलेलं नाही, त्या सोसायटीच्या चेअरमन हिंदुरावाला.