गुरूंची उलटतपासणी

एका जिल्ह्याच्या गावी प्रभाकर नावाचा एक वकील होता. अपघातांचे दावे चालतात त्या न्यायाधिकरणात तो उभा राही. पण जखमींच्या किंवा मृतांच्या घरच्यांकडून नव्हे, विमा कंपनीकडून. 'हे असे घडलेच नाही' किंवा 'घडले असेल, पण दोष आमच्या गाडीचा नाही' हे पटवून देणे, हा त्याचा व्यवसाय. ऐन तारुण्यात त्याने हे काम हाती घेतले आणि केस पांढरे होईपर्यंत केले. उलटतपासणीत त्याच्या तोडीचा माणूस आसपासच्या जिल्ह्यांत नव्हता.

त्याची कीर्ती आरडाओरड्यावर उभी नव्हती. तो कधी आवाज चढवत नसे. साक्षीला आलेल्या बाईला तो 'मावशी' म्हणे, म्हाताऱ्याला 'काका' म्हणे, घसा कोरडा पडलेला दिसला की शिपायाला पाणी आणायला सांगे. मग ओट्यावर बसून गप्पा माराव्यात तसा एकेक प्रश्न विचारी. ऊन डोळ्यांवर येत होतं का? आवाज आधी आला की आधी पाहिलंत? त्या वेळी हातात काय होतं? साक्षीदाराला वाटे, चला, माणूस तरी बरा भेटला. पिंजऱ्यातून उतरून बाहेर गेल्यावर, कुणीतरी समजावून सांगितले, की मगच त्याला कळे आपण काय गमावून आलो ते.

यात लबाडी होती असे मात्र समजू नये. खोटे दावे त्याने पुष्कळ पाहिले होते. झाडावरून पडलेल्याला ट्रकने उडवल्याचे दाखवले जाते, अपघात एका गाडीचा आणि दावा विमा असलेल्या दुसऱ्याच गाडीवर केला जातो, हे त्याला पाठ होते. कुणीतरी तपासायला हवे, आणि ते आपण प्रामाणिकपणे तपासतो, असे तो मानी. घरातही ती सवय सुटत नसे. मुलगी परगावाहून फोन करी तेव्हा कधीकधी मध्येच म्हणे, "बाबा, मी साक्षीला आले नाहीये." तो हसे. पण पुढचा प्रश्न विचारल्यावाचून त्याला राहवत नसे.

ही विद्या त्याला दिली होती नानासाहेबांनी. नानासाहेब त्या गावचे सर्वांत वृद्ध वकील. प्रभाकर त्यांच्याकडे उमेदवारीला आला तेव्हा त्याला धड उभे राहता येत नव्हते. त्यांनी त्याला उभे राहायला शिकवले, गप्प बसायला शिकवले, आणि प्रश्न कुठे थांबवावा तेही शिकवले. पहाटे ते फिरायला निघत तेव्हा प्रभाकर सोबत असे. कायद्याचे निम्मे शिक्षण त्याचे त्या रस्त्यावरच झाले. "आपण न्याय करत नाही, प्रभाकर," ते म्हणत. "न्याय करणारा वर बसलेला असतो. आपण फक्त तपासतो." पुढे त्यांनी वकिली थांबवली आणि कंपनीचे सारे काम या शिष्याच्या हाती सोपवले. त्यांच्या तोंडून असत्य निघाल्याचे गावात कुणी ऐकले नव्हते.

त्या वर्षी थंडीत एक अपघात झाला. मुरलीधर नावाचा एक माणूस बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवी. लग्नाची वरात आटोपून तो पहाटे सायकलवरून घरी परतत होता. धुके दाट होते. मागून आलेल्या एका वाहनाने त्याला उडवले आणि ते वाहन न थांबता निघून गेले. मुरलीधर जागीच गेला. हे पाहणारा माणूस एकच होता, पहाटेच्या फेरीला निघालेले नानासाहेब.

त्यांनी पोलिसांना सांगितले, दुधाचा टँकर होता, मागे निळा पट्टा होता, रोज त्याच सुमारास तो माझ्या बाजूने जातो. पोलिसांनी टँकर शोधला. चालक म्हणाला, त्या पहाटे मी त्या रस्त्याला गेलोच नाही. मुरलीधरची बायको सोजर हिने दावा लावला. टँकरच्या विमा कंपनीचा वकील होता प्रभाकर.

साक्षीदाराचे नाव वाचताच तो कंपनीला नकार कळवायला निघाला होता. त्याआधी तो नानासाहेबांकडे गेला. ते म्हणाले, "नकार द्यायचा नाही. उभा राहा."

"नाना, मी तुम्हाला कसं विचारू?"

"इतरांना विचारतोस तसंच."

गुरूंच्या या हट्टाचा अर्थ प्रभाकरला लागला नाही. पण त्यांचा शब्द मोडण्याची सवय त्याला नव्हती.

साक्षीच्या दिवशी न्यायालय भरून गेले होते. सोजर मागच्या बाकावर सासूशेजारी बसली होती. दाव्यातला पैसा तिला हवा होता, कुणाला नको असतो; पण तिचे दुखणे निराळे होते. वस्तीत लोक म्हणू लागले होते, वरातीत पिऊन आला असेल, पडला असेल कुठेतरी आपल्याच धुंदीत. मुरलीधर दारूला शिवत नसे. हे तिला माहीत होते आणि सिद्ध करता येत नव्हते. पिंजऱ्यात चढणाऱ्या त्या म्हाताऱ्याकडे ती देवाकडे पाहावे तशी पाहत होती.

नानासाहेबांनी पाहिले ते सरळ सांगितले. मग प्रभाकर उठला. पहिले काही प्रश्न त्याने असेच इकडचे तिकडचे विचारले. रस्ता किती रुंद, धुके किती. नानासाहेबांनी त्याला मध्येच थांबवले.

"वकीलसाहेब, मी म्हातारा असेन, पण आत्ता साक्षीदार आहे. विचारायचं ते विचारा."

प्रभाकरच्या मनात एक प्रश्न होता. तो त्याला कोणत्याही कागदात सापडला नव्हता, कंपनीच्या तपासनिसाने आणून दिला नव्हता. वर्षानुवर्षे ज्या माणसाच्या मागोमाग तो पहाटे चालला होता, त्या माणसाविषयीचे ते शिष्याचे ज्ञान होते. त्याने टेबलाची कड हाताने धरली.

"आपण फिरायला जाता तेव्हा चष्मा लावता?"

"नाही. दवानं काचा ओल्या होतात. घरी ठेवतो."

"त्या दिवशी?"

"त्या दिवशीही घरीच होता."

मागच्या बाकांवर कुजबुज झाली.

"चष्म्याशिवाय आपल्याला समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दिसतं?"

"घड्याळ दिसतं. काटे दिसत नाहीत."

"टँकरचा पट्टा दिसला?"

"दिसला. निळा."

"निळा होता, की निळा वाटला?"

नानासाहेबांनी क्षणभर डोळे मिटले. "वाटला."

"त्या डेअरीचे सगळे टँकर सारखेच दिसतात, हे खरं आहे?"

"खरं आहे."

"मग हाच टँकर होता, हे आपण डोळ्यांनी ओळखलंत?"

"माझ्या मनाची खात्री—"

"मनाचं नाही विचारत. डोळ्यांनी?"

नानासाहेब सोजरच्या दिशेने वळले. तिचा चेहरा त्यांना दिसत असेल की नाही, कोण जाणे. मग ते न्यायाधीशांकडे वळले आणि म्हणाले, "डोळ्यांनी म्हणाल, तर... बहुतेक."

"बहुतेक," प्रभाकर हळूच म्हणाला, आणि खाली बसला.

पुढे निकाल लागला. सदर टँकरनेच धडक दिली हे सिद्ध झाले नाही, सबब दावा फेटाळला. कंपनीतून फोन आला, मोठे साहेब स्वतः बोलले. शेजारच्या जिल्ह्याचे कामही आता तुम्हीच पाहा, असे म्हणाले. प्रभाकरने आभार मानले आणि फोन खाली ठेवला. ताट वाढून बायकोने हाक मारली तेव्हा त्याने भूक नसल्याचे सांगितले. तिने कारण विचारले नाही. त्या घरात प्रश्न विचारण्याचे काम दुसऱ्या कुणाकडे नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो नानासाहेबांकडे गेला. ते पडवीत शेंगा सोलत बसले होते.

"ये," ते म्हणाले. "उलटतपासणी चांगली केलीस. शेवटी थांबलास तेही बरोबर थांबलास."

प्रभाकर उभाच राहिला. "नाना, तुम्ही 'चष्मा लावला होता' एवढं म्हणाला असता, तर मी पुढे एक शब्द विचारला नसता. मी वाट पाहत होतो."

"मला माहीत होतं."

"मग का नाही म्हणालात? आणि मी बाजूला होत होतो, तेव्हा मला का अडवलंत?"

नानासाहेबांनी सूप बाजूला सारले.

"बस. सांगतो. जो खोटं बोलायला येतो ना, तो घरून सगळं ठरवून येतो. त्याचा पट्टा निळा म्हणजे निळाच. तू त्याला कितीही फिरव, तो म्हणेल, नक्की. ज्यानं खरोखर पाहिलेलं असतं, त्याला आपली नजर कुठं कमी पडली हेही ठाऊक असतं. आणि तो खरा असतो, म्हणून तेही सांगून टाकतो. तोच म्हणतो, बहुतेक. आपली विद्या कुणावर चालते, प्रभाकर? खोट्यांतले काही सापडतात, नाही असं नाही. पण कापले जातात ते जास्त करून खरेच. हे मला वकिली करताना दिसलं नाही. घरी रिकामा बसल्यावर दिसलं. तू इतकी वर्षं एका आधारावर शांत झोपलास, की समोरचा कदाचित खोटं बोलत असेल. म्हणून मला तुझ्यासमोर असा साक्षीदार उभा करायचा होता, ज्याच्यावर अविश्वास ठेवणं तुला शक्यच नाही. विश्वास असूनही तू थांबतोस का, ते पाहायचं होतं."

"मी थांबलो नाही."

"नाही. तुझ्या जागी मीही थांबलो नसतो. शिकवणारा मीच."

प्रभाकरच्या अंगातून एकदम संताप उसळला. आयुष्यात प्रथमच तो त्या पडवीत मोठ्याने बोलला. "आणि ती बाई? तुम्ही माझी परीक्षा घेतलीत आणि तुडवली गेली ती! तिनं काय पाप केलं होतं?"

नानासाहेबांच्या बोटांना शेंगांची माती लागली होती, ती ते नुसती चोळत राहिले.

"खोटं बोललो असतो तर तिचं भलं झालं असतं," ते शेवटी म्हणाले. "खरं बोललो आणि तिला बुडवलं. याला काय म्हणायचं ते मला कळत नाही. वाटलं होतं, या वयात कळत असेल. जा तू आता."

प्रभाकर तिथून घरी गेला नाही. विचारत विचारत तो सोजरच्या वस्तीत पोहोचला. ती दारातच भांडी घासत होती. त्याला पाहून उठली, पदर सावरला. शिव्या ऐकायची तयारी करून तो आला होता. तिने आतून घडवंची आणून ठेवली.

"बसा सायेब."

तो बसला. मग तीच म्हणाली, "एक इचारू का? ते म्हातारे वकील, ते खरं बोलत व्हते का?"

"हो."

"म्हंजी त्योच टँकर व्हता?"

"तोच होता, मावशी. नानासाहेब म्हणाले म्हणजे तोच होता. मला तेव्हाही माहीत होतं."

सोजर दाराकडे वळून ओरडली, "आत्याबाई, ऐकलं का? पडले न्हवते ते! सायेब सांगायलेत!" आतून म्हातारीचा हुंदका ऐकू आला. सोजर पुन्हा त्याच्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, खरोखरच न कळल्याचा भाव होता.

"मग सायेब, हे तिथं का नाही बोलला?"

"तिथं मला कुणी विचारत नाही. तिथं मी विचारतो."

तिने ते ऐकून घेतले. त्यातले किती तिला पटले, देव जाणे. थोड्या वेळाने म्हणाली, "हितं गल्लीत चार लोकांम्होरं सांगाल? नुसतं येवढंच, की ते पिऊन पडले न्हवते."

प्रभाकरने मान खाली घातली. ज्या कंपनीसाठी तो दावा जिंकला, तिच्या विरुद्ध त्याने चारचौघांत बोलायचे म्हणजे सनद गमवायची. दुसरा कुठला धंदा त्याला येत नव्हता. तो 'हो' म्हणाला नाही, 'नाही' म्हणण्याचेही धैर्य त्याला झाले नाही.

सोजरने ओळखले. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "उन्हातून आलात. पाणी प्या."

तिने दिलेला तांब्या त्याने दोन्ही हातांनी धरला. न पिताच तो त्याने खाली ठेवला.

त्याने वकिली सोडली असेल, असे आपल्याला वाटेल. तसे घडले नाही. सोमवारी तो न्यायाधिकरणात हजर होता. समोर एक शेतमजूर होता. भाऊ जीपखाली सापडलेला. प्रभाकरने त्याला पाणी दिले, हळू आवाजात विचारायला सुरुवात केली. दोन-तीन प्रश्नांतच तो माणूस अडखळला, घामाघूम झाला आणि पिंजऱ्याचा कठडा धरून काकुळतीने म्हणाला, "सायेब, मी खरं सांगायलोय हो. इस्वास ठेवा."

प्रभाकर त्याच्या अगदी जवळ उभा होता. साक्ष टिपणाऱ्या टंकलेखकाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू तो म्हणाला, "ठेवलाय."

आणि त्याने पुढचा प्रश्न विचारला.