राजा वांग्याच्या वाफ्यात बसतो

एका राज्यात राजाचा निवाडा तोंडातून निघताच खरा होई. म्हणून राजा चंडप्रताप फार कमी बोले, आणि तेच बरे होते.

त्याच राज्यात रत्नावळी नावाची विधवा राहत होती. तिच्या लेकीला, चित्रेला, एका मांत्रिकाने मैना केले होते. मैना अजून बोलत होती, पण सूर्य मावळताच तिची वाणी जाणार होती आणि मग ती जन्मभर पाखरूच राहणार होती. शापावर उतारा एकच, जिवंत झऱ्याचे पाणी. ते होते माणिभद्र व्यापाऱ्याच्या कलशात.

"तुझे केवड्याचे बन दे, कलश ने," व्यापारी म्हणाला.

बन नवऱ्यामागे तिला आले होते. रत्नावळीने सकाळीच रिवाजाप्रमाणे बांधावर उभे राहून व्यापाऱ्याच्या ओंजळीत मूठभर माती ठेवली आणि वर पाणी सोडले. विक्री झाली. एवढ्यात दीर रुद्रसेन आडवा आला. व्यापारी कचरला, आणि सगळे दरबारात गेले.

रुद्रसेन म्हणाला, "वहिनींनी बनातले खावे. विकायचा हक्क त्यांना नाही. असेल तर तीन साक्षीदार आणावेत, जे मरत नाहीत, विकले जात नाहीत आणि आमच्या भावकीतले नाहीत."

रत्नावळीने बांधाचा दगड आणला. दगड म्हणाला, "मालकाने जाताना बन हिच्या हाती दिले." तिने विहिरीचे पाणी आणले. पाणी म्हणाले, "मी ऐकले." तिने बनातला नाग आणला. नाग म्हणाला, "मीही," आणि दरबार खांबांवर चढला.

रुद्रसेन हटेना. दिवस कलत होता. "महाराज, नुसते यापुढचे बोलून भागणार नाही, विक्री सकाळीच झाली आहे. पूर्वीचेही रद्द करा!"

राजा नागाला घाबरला होता आणि त्याला जेवायचे होते. तो घाईने म्हणाला, "विधवेने केलेली जमिनीची विक्री या राज्यात खरी नाही, पूर्वीही कधी नव्हती."

आणि राजवाडा नाहीसा झाला.

भिंती नाहीत, छत नाही, सिंहासन नाही! राजा वांग्याच्या वाफ्यात बसला होता. खांबांवर चढलेले मानकरी धपाधप खाली पडले. समोर शंभर वर्षांपूर्वी मेलेली एक म्हातारी हातात खुरपे घेऊन उभी होती.

"माझ्या वांग्यांवर कोण बसलंय रे?" तिने विचारले.

रत्नावळीच्या खांद्यावरून मैना बोलली, "महाराज, ही सोनकी माळीण. हिचा नवरा वारल्यावर हिने हा मळा तुमच्या पणजोबांना विकला. त्यावर तुमचा वाडा उभा राहिला. आता मळा पुन्हा हिचा झाला."

रुद्रसेनाने राजाकडे पाहिले आणि मान खाली घातली.

"म्हणजे... ती विक्री खरी होती?" राजाने विचारले.

"मळा मला विचारून घेतला होता," सोनकी म्हणाली. "वांगी तेवढी सोडून उठ."

सूर्य टेकला होता. राजा उठला आणि हात जोडून ओरडला, "विधवेला आलेली जमीन तिची आहे, पूर्वीही होती. तिने विकली तर विकली!"

वाडा जागच्या जागी आला. सोनकी नव्हती, सिंहासनावर मात्र दोन वांगी होती. माणिभद्राने कलश रत्नावळीच्या हाती दिला. खांद्यावरच्या मैनेवर तिने पाणी शिंपडले आणि खांद्यावर एकदम नऊ वर्षांची पोर बसली.

"आई, उतरव ना," चित्रा म्हणाली. रत्नावळी ओझ्याने वाकली होती, रडत होती. पण घर येईपर्यंत तिने लेकीला खाली उतरवले नाही.