दसरा नको, अमावास्या चालेल

एकदा एका मुहूर्त सांगणाऱ्या माणसावरच स्वतःसाठी मुहूर्त शोधण्याची पाळी आली.

त्याचं नाव त्र्यंबक. गोदावरीच्या दक्षिण तीरावरच्या एका लहानशा गावात तो राहत असे. गावातल्या मुंजी, लग्नं, वास्तुशांती यांच्या तारखा तोच काढून देई. शिवाय गावापुरतं एक छोटं पंचांग दर वर्षी छापलं जाई, त्याचं कामही त्याच्याकडे होतं. हे पंचांग मूळचं त्याच्या गुरूंचं, शास्त्रीबुवांचं. मोठी पंचांगं मोठ्या शहरांची वेळ धरून चालतात. आपल्या गावात चंद्र नेमका केव्हा उगवणार, हे संकष्टीच्या उपाशी माणसाला कळावं, एवढाच बुवांचा साधा हेतू होता. दृष्टी अधू झाली तेव्हा त्यांनी ते त्र्यंबकाच्या हाती सोपवलं आणि म्हणाले, "एकही वर्ष खंड पडू देऊ नकोस." बुवा बोलून मोकळे झाले. त्र्यंबकाच्या छातीवर मात्र ते वाक्य कायमचं बसलं.

आता या पंचांगाचं सारं गणित, सारी पानं त्याच्या जुन्या संगणकात होती. संगणकातली विंडोज म्हातारी झाली होती. तिच्यासाठी सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं बंद झालं होतं, आणि नवी विंडोज त्या यंत्रावर चढायला तयार नव्हती. रोज सकाळी संगणक लावला की पडद्यावर तशी सूचना येई आणि त्र्यंबक ती घाईनं मिटवून टाकी. कुणाच्या तरी संगणकात परक्यानं शिरून सगळ्या फायलींना कुलूप घातल्याची बातमी त्यानं वाचली होती. तेव्हापासून संगणक चालू असला की तो जागचा हलत नसे. जेवायला हाक आली तरी आधी यंत्र बंद करी, मगच उठे.

कुणीतरी त्याला लिनक्स मिंटबद्दल सांगितलं. जुन्या यंत्रावर चालतं, दिसायला विंडोजच्या जवळपास, नवशिक्यालाही जमतं. त्र्यंबकानं त्याविषयी मिळेल ते वाचलं आणि जितकं वाचलं तितका अधिक घाबरला. कुणी लिहिलं होतं, फार सोपं आहे. कुणी लिहिलं होतं, बसवताना एक चुकीचं बटण दाबलं आणि सगळी डिस्क कोरी झाली. दुसरा अनुभव त्याच्या मनात घर करून बसला. जुन्यात राहावं तर चोराचं भय, नव्यात जावं तर सर्वस्व पुसलं जाण्याचं. इकडे आड, तिकडे विहीर.

"अहो, मला बघायला आलात तेव्हा एवढा विचार केला नव्हतात," त्याची पत्नी वसुधा म्हणाली.

"तेव्हा पंचांग माझ्याकडे नव्हतं," तो म्हणाला, आणि हे तो गंभीरपणे म्हणाला.

अखेर घाबरलेला माणूस जे करतो तेच त्यानं केलं. आपल्याला जे उत्तम येतं, त्याच्याआड तो जाऊन उभा राहिला. त्यानं मुहूर्त शोधला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी नारळ घेऊन तो शास्त्रीबुवांकडे गेला.

बुवांविषयी एक गोष्ट सांगायला हवी. साठी उलटल्यावर त्यांनी संगणक शिकून घेतला होता, आणि गेली काही वर्षं ते हेच लिनक्स मोठ्या अक्षरांत वापरत होते. गावाला त्याचं नवल वाटे, त्यांना स्वतःला मुळीच वाटत नसे.

"गुरुजी, उद्या जुनी विंडोज पुसून लिनक्स बसवतो. आशीर्वाद द्या."

"उद्या नको."

त्र्यंबकाला वाटलं, वयामुळे गुरुजींना तिथीचं विस्मरण झालं असावं. "गुरुजी, उद्या दसरा. साडेतीन मुहूर्तांपैकी एक. उद्या तर पंचांग उघडायचीही गरज नाही."

"मला शिकवतोस?" बुवा हसले. "दसरा आहे हे ठाऊक आहे. म्हणूनच सांगतो, उद्या नको. उद्या त्या यंत्राची पूजा कर, झेंडूचं फूल वाहा आणि त्याला विश्रांती दे."

"मग दिवाळीचा पाडवा धरू?"

"दिवस मी सांगेन." बुवांनी फडताळातून एक पेन ड्राइव्ह काढून त्याच्या हातावर ठेवला. "यात तेच लिनक्स आहे. हा लावून संगणक सुरू केलास की ते इथूनच चालतं. तुझ्या यंत्रात काही बसत नाही, काही पुसलं जात नाही. तू आत घेईपर्यंत ते पाहुण्यासारखं ओसरीवर बसून राहतं. रोजचं थोडं काम त्यात करायचं. काम झालं की संगणक बंद करायचा, हा काढायचा आणि यंत्र पुन्हा नेहमीसारखं लावायचं. जुनं घर जागेवर आहे का ते बघायचं. आणि मग इथवर चालत येऊन मला सांगायचं, 'गुरुजी, जागेवर आहे.'"

"रोज?"

"रोज."

त्र्यंबक खाली मान घालून परतला. गुरुजींचा आपल्यावर भरवसा नाही, या विचारानं त्याला त्या रात्री झोप लागली नाही. मुहूर्तांचा राजा हातचा घालवला, आणि वर शाळेतल्या पोरासारखी रोज हजेरी! पण गुरूंचा शब्द मोडण्याची त्याला सवय नव्हती.

पहिल्या दिवशी पेन ड्राइव्ह लावला तेव्हा पडदा काळा झाला आणि त्यावरून पांढऱ्या अक्षरांच्या ओळी धावू लागल्या. त्र्यंबकानं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा समोर शांत, हिरवट पडदा होता, आणि डाव्या कोपऱ्यात, खाली, जिथे असायला हवं तिथेच एक बटण होतं. तेवढ्यानं त्याला जरा धीर आला. तेवढ्यात त्याचं लक्ष घड्याळाकडे गेलं. ते साडेपाच तास मागे होतं.

मग मात्र त्यानं धडाधड सगळं बंद केलं. विंडोज लावली. ती जागेवर होती. तो तडक बुवांकडे गेला.

"जागेवर आहे, गुरुजी. पण हे नवं काही आपल्या कामाचं नाही. ज्याला घड्याळातली वेळ कळत नाही, त्याच्यावर मी तिथी कशी सोपवू?"

"आपण कुठे आहोत हे त्याला सांगितलंस?"

"नाही."

"पूजेला बसलास की आधी संकल्प सोडतोस. त्यात काय सांगतोस?"

"देश आणि काळ. कुठल्या नदीच्या कुठल्या तीरावर, कुठलं संवत्सर, कुठली तिथी."

"देवाला ठाऊक नसतं का? तरी सांगतोस. हे तर बिचारं यंत्र आहे. त्याला आपला देश सांग, वेळ ते आपसूक बरोबर दाखवेल."

दुसऱ्या दिवशी त्र्यंबकानं ते केलं आणि घड्याळ सुधारलं. पाहुणा विसरभोळा होता. यंत्र बंद केलं की त्याला सांगितलेलं सारं तो विसरे, त्यामुळे देश रोज नव्यानं सांगावा लागे. त्र्यंबकाला त्याचं काही वाटलं नाही. संकल्पही रोजच सोडावा लागतो.

पण त्या विसरभोळेपणानं एक दिवस घात केला. आषाढाचं आख्खं पान, प्रतिपदेपासून दर्श अमावास्येपर्यंत, त्यानं नव्यात बसून रचलं आणि तिथेच पडद्यावर ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर पडदा कोरा. पान गेलं होतं. वसुधा म्हणते, तिनं नवऱ्याला इतकं हताश पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. तो बुवांच्या ओसरीवर जाऊन नुसता बसला.

"पुसलं गेलं, गुरुजी. मी म्हणत होतो ना, एक दिवस पुसलं जाणार. मार्गशीर्ष लागायच्या आत मजकूर छापखान्यात जायला हवा. माझ्या हातून खंड पडणार."

"जुनं घर?"

"ते आहे जागेवर."

"मग काय गेलं?"

"आषाढ."

"आषाढ पुन्हा येईल," बुवा शांतपणे म्हणाले. "पाहुण्याच्या पिशवीत आपली वस्तू ठेवली, तो गेला, वस्तू गेली. आता पान पुन्हा रच आणि या वेळी तिसऱ्या ठिकाणी ठेव. तुझ्या यंत्रातही नाही, पाहुण्याकडेही नाही. वेगळी डिस्क घे. आणि हात घालतोच आहेस तर जुनी पानंही थोडी थोडी तिकडे नेऊन ठेव. ठेवल्यावर उघडून बघत जा."

बुवांवर मनातून चडफडतच त्यानं आषाढ पुन्हा रचला. पुन्हा रचताना मागच्या वेळची एक चूक सापडली, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. मग रोज कामावरून उठताना तो काहीतरी त्या वेगळ्या डिस्कवर नेऊन ठेवू लागला. एकदा माणसाचं काही हरवलं की त्याला आवरून ठेवायला सांगावं लागत नाही.

दिवाळी आली. पाडवाही आला आणि बुवांनी दिवस सांगितला नाही. त्र्यंबकानं विचारलं नाही, कारण त्या दिवशी कोष्टकातल्या रेघा नव्यात आल्यावर थोड्या सरकत होत्या आणि त्या सरळ करण्यात तो गुंतला होता. प्रिंटरनं मात्र पहिल्याच फटक्यात ओळख दाखवली. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास गावातल्या लोकांची तारखांसाठी रीघ लागली. एका संध्याकाळी बुवांकडे जायचं राहून गेलं. मग ते राहतच गेलं.

कार्तिकी अमावास्येच्या सकाळी शास्त्रीबुवा काठी टेकत स्वतःच त्र्यंबकाच्या दारात उभे राहिले.

त्र्यंबक धावत बाहेर आला. "गुरुजी, तुम्ही कशाला त्रास घेतलात? क्षमा करा. कामात होतो, येणं झालं नाही."

"पंचांगाचा मजकूर?"

"गेला छापखान्यात. सगळा."

"कशावर रचलास?"

"पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सवर."

"आणि जुनं घर? जागेवर आहे ना?"

त्र्यंबक दिवस मोजू लागला. जुनी विंडोज शेवटची कधी लावून पाहिली होती, ते त्याला आठवेना. तिथी पाठ असलेल्या माणसाला तो दिवस आठवेना.

"मग आज बसव," बुवा म्हणाले. "आज दिवस चांगला आहे."

"गुरुजी, आज अमावास्या!"

"हो. मीच तर शिकवलं तुला, अमावास्या कशी काढायची ते."

आत वसुधाला हसू आवरेना. त्र्यंबक मात्र गोंधळून उभा होता. दसरा नाकारणाऱ्या गुरूनं अमावास्या द्यावी, याचा अर्थ त्याला लागेना. बुवा खुर्चीत टेकले आणि म्हणाले,

"अरे, लग्नाचा मुहूर्त केव्हा काढतात? स्थळ पाहून, बोलणी होऊन, दोन्ही घरांनी एकमेकांना पारखल्यावर. तू मुलगी न बघताच अंतरपाट धरून उभा राहिला होतास. दसरा पूर्ण होता, त्र्यंबक. अपुरा तू होतास. तुला वाटत होतं, चांगला दिवस तुझ्या भीतीला सांभाळून घेईल. दिवस कुणाची भीती सांभाळत नाही. आणि मी चार युक्तिवाद केले असते, तर तेही तिनं ऐकले नसते. भीतीला उपदेश कळत नाही, तिला परतीची वाट रोज चालून दाखवावी लागते. तू रोज येऊन 'जागेवर आहे' म्हणायचास, ते मला ऐकायचं नव्हतं. मला ठाऊकच होतं. ते तुझं तुलाच ऐकू यायला हवं होतं. ज्या दिवशी तू सांगायला यायचा विसरलास, तो तुझा मुहूर्त होता. मी आपला काही दिवस उशिरा आलो, गुडघे दुखत होते."

त्र्यंबकानं वाकून नमस्कार केला. मग आत जाऊन त्यानं यंत्र लावलं आणि बुवांना शेजारी बसवलं.

लिनक्सनं विचारलं, सगळी डिस्क पुसून बसू की जुन्याच्या शेजारी बसू? हाच तो प्रश्न, ज्याच्या नुसत्या वर्णनानं त्याची झोप उडाली होती. त्यानं शांतपणे विचार केला. कुंडलीचा प्रोग्रॅम अजून विंडोजवरच चालत होता. त्यानं 'शेजारी' निवडलं. दसऱ्याला त्यानं भीतीच्या भरात सगळं पुसलं असतं. आज ते कामी येणार म्हणून जुनं ठेवलं. मग त्यानं वेगळ्या डिस्कवरची पानं उघडून पाहिली, डिस्क काढून बाजूला ठेवली आणि बटण दाबलं. धाकधूक होतीच. ती आहे हे त्याला कळत होतं, आणि हातही चालत होता.

पुढच्या पानावर जगाचा नकाशा आला. वर प्रश्न होता, तुम्ही कुठे आहात?

"विचारतंय ना?" बुवा म्हणाले. "सांग की."

"गोदावर्याः दक्षिणे तीरे," त्र्यंबक पुटपुटला आणि नकाशात आपल्या देशावर बोट ठेवावं तसा बाण नेऊन ठेवला.

काम सुरू झालं. एक पट्टी हळूहळू पुढे सरकू लागली. "झालं का हो?" वसुधानं आतून विचारलं. "होतंय," तो म्हणाला, आणि ज्या यंत्रापुढून तो जेवायलाही उठत नसे, ते तसंच चालू ठेवून गुरुजींसाठी पाणी आणायला स्वयंपाकघरात गेला.

आता त्याच्याकडे कुणी मुहूर्त विचारायला गेलं, की पंचांग उघडण्याआधी तो विचारतो, "तयारी कुठवर आली?"