आडोशाचा आवा

पूर्वी चंपकपुरात राजा अरिंदम राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने कुंभाराच्या कुळात जन्म घेतला होता. बायको गेली होती, मूलबाळ नव्हते. शेजारच्या सोमिल कुंभाराखेरीज त्याच्याशी कोणी दोन शब्द बोलत नसे.

राजाने पाणपोईसाठी रांजण मागवले. ते भाजायला दोघांनी शेजारी शेजारी आवे, म्हणजे कुंभाराच्या भट्ट्या, लावले. बोधिसत्त्वाचे रांजण खणखणीत निघाले, सोमिलचे सगळे तडकले. वस्तीची रीत कडक होती. राजाच्या कामाचा आवा फुटला की कुंभार करंटा ठरे. त्याला वेशीबाहेर काढत, कोणी त्याला विस्तवही देत नसे.

वस्तीचा म्होरक्या म्हणाला, "कष्टाचं फळ मिळालं, म्हातारबा! राजाचं काम तुझं. हा आळशी आज निघेल इथून."

सोमिल चाक उचलत होता. बोधिसत्त्वाने त्याचा आवा न्याहाळला. वाऱ्याकडची बाजू भडकून जळाली होती, दुसरी कच्ची राहिली होती. आपला आवा त्याच्याच आडोशाला होता.

"माती दोघांनी सारखीच मळली," तो म्हणाला. "वारा यानं सोसला, म्हणून माझे रांजण वाचले. जागा बदलून परत लावू."

"आणि तुझा फुटला तर? रीत ठाऊक आहे ना?" म्होरक्याने विचारले.

"आहे."

जागा बदलल्या. वारा तसाच सुटला. बोधिसत्त्वाचे रांजण तडकले, सोमिलचे खणखणीत निघाले.

"नशीब फिरलं की रे तुझं!" म्होरक्या हसला. वारा कोणाच्या ध्यानातही आला नाही. काम सोमिलला मिळाले.

बोधिसत्त्वाने वेशीबाहेर खोपट घातले. थंडी पडली तेव्हा तो सोमिलच्या दाराशी विस्तव मागायला गेला. सोमिल दाराआडूनच बोलला, "दादा, रागावू नकोस. माझं आत्ता कुठं बरं चाललंय. तुझी सावली नको."

"बरं," बोधिसत्त्व म्हणाला. परतून त्याने लाकडावर लाकूड घासले, विस्तव पाडला आणि चाकावर माती ठेवली. आव्याला त्याने दगडांचा आडोसा केला. रांजण चांगले निघाले. घ्यायला कोणी आले नाही. एक रांजण भरून त्याने वाटेवर ठेवला. वाटसरू पाणी पीत आणि न बोलता पुढे जात.

एवढे सांगून शास्ता, म्हणजे बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, रोज भिक्षेने भरलेले पात्र घेऊन येणारा आणि रिकाम्या हाताने परतलेल्या सोबत्याला आळशी म्हणणारा हा कुमुद तेव्हा सोमिल होता. त्याची री ओढणारा सुदंत तेव्हा म्होरक्या होता. वेशीबाहेरचा कुंभार मीच होतो."

कुमुदने आपले पात्र सोबत्याच्या रिकाम्या पात्राजवळ सरकवले.

यशात आपले किती आणि वाऱ्याचे किती, हे नुकसान सोसूनही सांगणे, ही सत्याची पारमिता, म्हणजे परिपूर्णता.