कालिंदीचे शिफारसपत्र

एका नगरात तांब्यापितळेच्या भांड्यांचा एक व्यापारी राहत होता. त्याची मुलगी कालिंदी त्याच नगरातल्या एका वृद्ध गुरुजींच्या छोट्या शाळेत शिकत होती. ती शाळा चौथीपर्यंतच होती. व्यापारीही लहानपणी त्याच गुरुजींकडे शिकला होता, त्यामुळे मुलीला त्यांच्या हाती सोपवताना त्याला फारसा विचार करावा लागला नव्हता. आता मात्र चौथी संपत आली आणि पुढच्या शाळेचा प्रश्न उभा राहिला.

व्यापाऱ्याच्या मनात टेकडीवरचे विद्यालय होते. त्याच्या दोन्ही भावांची मुले तिथेच शिकत होती आणि घरी कोणी पाहुणे आले की त्या विद्यालयाचा विषय निघाल्याशिवाय राहत नसे. प्रवेशासाठी आधीच्या शिक्षकांचे शिफारसपत्र लागते असे कळल्यावर तो गुरुजींकडे गेला.

गुरुजींनी कागद घेतला, थोडा वेळ विचार केला आणि चार ओळी लिहून पत्र त्याच्या हाती दिले. व्यापाऱ्याने तिथेच ते वाचले. त्यात लिहिले होते : ‘कालिंदी चार वर्षे माझ्या शाळेत होती. एखादी गोष्ट कळेपर्यंत ती पुढे सरकत नाही. एकच प्रश्न तीनदा विचारते. गणिते बरोबर सोडवते, पण सगळ्यांच्या शेवटी. घाई केली तर गप्प होते, आणि मग तिचे चुकते.’

व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. “गुरुजी, ती किती सुंदर चित्रे काढते, तिचे पाठांतर किती स्वच्छ आहे, हे तुम्हीच मला सांगितलेत. आणि पत्रात नेमके तिचे दोष लिहिलेत?”

“दोष कुठे लिहिले, त्र्यंबका? ती आहे तशी लिहिली,” गुरुजी म्हणाले. “हे पत्र जिथे जाशील तिथे दाखव. आणि कालिंदीला बरोबर ने.”

गुरुजींचा शब्द मोडण्याची त्याला सवय नव्हती. तरीही टेकडीवर जाताना त्याने पत्र खिशात अगदी खाली ठेवले. विद्यालयाच्या प्रमुखांनी कालिंदीला श्लोक म्हणायला सांगितले, तिने ते न अडखळता म्हटले. तिची चित्रांची वहीही त्यांनी कौतुकाने पाहिली. प्रवेश झाल्यातच जमा होता. मग त्यांनी सहज पत्र मागितले.

ते वाचून प्रमुखांनी पत्राची घडी घातली. “मुलगी गुणी आहे. आम्ही तिला घेऊ,” ते सौम्यपणे म्हणाले. “पण एक लक्षात ठेवा. आमच्या वर्गात चाळीस मुले आहेत. एकीसाठी वर्ग थांबत नाही. तीनदा विचारण्याची सवय आम्ही वर्षभरात मोडून काढू.”

ते वाईट मनाने बोलले नव्हते. व्यापाऱ्यानेही मान डोलावली. पण परतताना टेकडी उतरून घर आले तरी कालिंदी एक शब्द बोलली नाही. एरवी चालताना तिची बडबड ऐकून तो वैतागत असे. दारापाशी त्याने विचारले, “आज काही विचारायचे नाही का?” ती म्हणाली, “नाही, बाबा. आता सवय मोडायची आहे ना.”

त्या वाक्याने तो दिवसभर अस्वस्थ राहिला. दुसऱ्या दिवशी, केवळ गुरुजींनी ‘जिथे जाशील तिथे’ म्हटले होते म्हणून, तो तिला घेऊन नदीपलीकडच्या एका लहान शाळेत गेला. इमारत साधी होती, अंगण ओबडधोबड होते. तिथल्या बाईंनी पत्र दोनदा वाचले आणि बाजूला ठेवले.

“कोणता प्रश्न तू तीनदा विचारलास?” त्यांनी कालिंदीला विचारले.

कालिंदीने वडिलांकडे पाहिले. मग ती हळूच म्हणाली, “नकाशात उत्तर दिशा वर असते. मग आमच्या घरून उत्तरेकडे जाताना चढ का लागत नाही?”

बाई हसल्या नाहीत. त्यांनी भिंतीवरचा नकाशा काढून जमिनीवर अंथरला आणि म्हणाल्या, “आता उत्तर कुठे आहे ते दाखव.” कालिंदी नकाशाभोवती फिरली. पुन्हा फिरली. मग तिने तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला. बाईंनी नकाशा उलटा फिरवला. असे बराच वेळ चालले. शेवटी कालिंदी नकाशाच्या कडेला बसली आणि म्हणाली, “म्हणजे ‘वर’ फक्त भिंतीवर आहे.”

बाई व्यापाऱ्याला म्हणाल्या, “आमच्याकडे नाव नाही आणि बक्षिसेही फारशी नाहीत. अभ्यासक्रम कधीकधी उशिरा संपतो. विचार करून सांगा.”

तो तिथून थेट गुरुजींकडे गेला आणि घडले ते सगळे सांगितले. “तुम्हाला हे आधीच ठाऊक होते का?” त्याने विचारले.

“नाही. त्या दोन्ही शाळांत मी कधी गेलो नाही,” गुरुजी म्हणाले. “मी तिचे गुण लिहिले असते, तर दोन्ही दारे सारखीच उघडली असती आणि तुला त्यांतला फरक कळला नसता. गुणांचे स्वागत कुठेही होते. पण मूल शाळेत जाते ते आपल्या अडखळण्यासकट. त्या अडखळण्याचे तिथे काय होते, एवढेच आईबापाने पाहायचे असते. टेकडीवरची शाळा वाईट नाही. भराभर चालणाऱ्या मुलाला ती उत्तम आहे. तुझी मुलगी तशी नाही.”

“आणि उद्या नदीपलीकडेही ती गप्प झाली तर?”

“तर पुन्हा बघ. शाळा एकदा निवडली म्हणजे बापाचे काम संपले, असे कोणी सांगितले तुला?”

भावांचे चेहरे व्यापाऱ्याच्या डोळ्यांसमोर आले, सणाच्या पंगतीत होणारी विचारणा ऐकू आली. आजवर शाळा निवडताना आपण मुलीकडे कमी आणि त्या पंगतीकडेच जास्त पाहत होतो, हे त्याच्या ध्यानात आले. त्याची त्याला लाज वाटली, आणि थोडे हलकेही वाटले.

टेकडीवरच्या विद्यालयाला नकाराचा निरोप नोकराबरोबर पाठवता आला असता. पण तो स्वतः गेला, प्रमुखांचे आभार मानले आणि नम्रपणे नाही म्हणाला. भावांना काय सांगायचे याची जुळवाजुळव तो परतीच्या वाटेवर करू लागला. अर्ध्या वाटेत ती त्याने सोडून दिली.