पहिला पाहुणा

गेल्या वर्षभरात लेक मालविका घरी आली होती का, हे निवृत्त प्राध्यापक देशिंगकरांना नक्की आठवेना. समोर अँटीव्हायरस कंपनीचा टायवाला मॅनेजर कॉम्प्युटरला स्वतःचा पेनड्राइव्ह लावून ऐटीत बसला होता.

“काका, सत्तर व्हायरस निघाले. आमचं महागडं पॅकेज घ्या, नाहीतर काकूंचे फोटो गेलेच समजा.”

गेलेल्या बायकोचे तेवढेच फोटो होते. देशिंगकर चेकबुक काढता काढता थांबले.

“साहेब, याला इंटरनेट नाही. वर्षभरात या घरात कुणी फिरकलेलं नाही. पहिले पाहुणे तुम्हीच. मग हे सत्तर जण कुणाबरोबर आले?”

मॅनेजरने पेनड्राइव्ह उपसला आणि चहालाही न थांबता निघून गेला.

आपण बोललो ते खरं होतं ना, ही रुखरुख देशिंगकरांना राहिली. बऱ्याच वर्षांनी त्यांनी फोनवर मालविकाला तो मॅनेजरचा किस्सा सांगून, त्या वर्षी ती घरी आली होती का, असं विचारलं.

“नाही बाबा,” ती म्हणाली, “त्या वर्षी नव्हतं जमलं.”