सिंह शब्दाचे एकोणीस अर्थ

“...आणि विसावा असलाच, तर तो तुम्ही सांगणार का बाबा?”

विश्वंभरशास्त्र्याने हे हसत विचारले. एका शब्दाचे एकोणीस अर्थ तो नुकताच एका दमात सांगून मोकळा झाला होता. शब्द होता सिंह.

हैदरशा फकीर हसला नाही. तो समोर बसलेल्या बाईच्या भाजलेल्या तळहाताला कोरफडीचा गर लावत होता.

वाळणघाटाच्या माथ्यावर जुनी लेणी आहेत. त्यांतल्या पहिल्या लेण्यात हैदरशा राहत असे. आत मांडी घातलेली एक दगडी मूर्ती होती आणि तिच्या आसनाखाली झिजलेले दोन सिंह. घाटाच्या पायथ्याशी नरसिंहाचे देऊळ होते. आसपासच्या पाच गावांतली माणसे खाली नारळ फोडत आणि वर येऊन फकिराशी बोलत बसत. त्यात कुणाला काही वावगे वाटत नसे.

विश्वंभरशास्त्री बत्तीस वर्षांचा होता. बारा वर्षे काशीत राहून आला होता. एका मुनशीकडून फारसी शिकला होता. सिंह या एकाच शब्दावर तो सात वर्षे ग्रंथ लिहीत होता आणि तो ग्रंथ कापडात बांधून जाईल तिकडे बरोबर नेत असे.

सोनकड्याचा सरदार धारराव याच्या पदरी तो होता. येत्या दसऱ्याला धारराव सिंहाच्या पायांच्या आसनावर बसणार होता आणि ‘दख्खनसिंह’ हे बिरुद घेणार होता. बिरुदावली शास्त्र्याने रचली होती.

एकच अडचण होती. फकीर पहिल्या रांगेत बसला, तरच पाच गावे येणार.

“बाबांना शब्दांची आवड आहे,” शास्त्री सरदाराला म्हणाला होता. “मी शब्दांनी आणतो.”

म्हणून तो आला होता. दुपारी सरदार स्वतः पालखी घेऊन वर येणार होता.

“पुन्हा एकदा सांग,” फकीर म्हणाला. “हिला सांग.”

“हिला?”

“मला तुझं थोडं संस्कृत कळतं. थोडी फारसी कळते. माझ्यापुढं सांगणं सोपं आहे.”

बाई चाळिशीची होती. धनगराची. नाव ठकू. शास्त्र्याने तिच्याकडे पाहिले आणि लहान मुलाला समजवावे तसा आवाज लावला.

“बाई, सिंह म्हणजे आयाळ असलेलं जनावर. हा पहिला अर्थ. तो देवीचं वाहन, हा दुसरा. खांबातून निघाला तो नरसिंह. शिवाय आकाशातली रास. तिच्यात गुरू आला की गोदावरीवर बारा वर्षांनी सिंहस्थ...”

“ते ठाऊक हाय. सासू जाऊन आली व्हती. तवा डोळं व्हतं तिला.”

“बरं. हे आत बसलेत ना, ज्यांना तुम्ही ध्यानीबाबा म्हणता, त्यांना कोशात शाक्यसिंह म्हटलंय. ते बोलत त्याला सिंहनाद म्हणत. आणि रणातल्या आरोळीलाही सिंहनादच म्हणतात. एक मारा म्हणतो, एक मारू नका म्हणतो. शब्द एकच.”

फकिराने मान वर केली.

“हे बरं आहे.”

शास्त्र्याला हुरूप आला.

“जैनांच्या शेवटच्या तीर्थंकरांच्या पायाशी सिंह असतो. समुद्रापलीकडं सिंहल बेट आहे, तिथले लोक सिंहाचा वंश सांगतात. उत्तरेत रजपूत तो नावापुढं लावतात. फारसीत त्यालाच शेर...”

“शेर व्हय!” ठकू म्हणाली. “आमच्यात व्हता की. लाकडाचा. बाजरी मापायचो. जळाला.”

“तो शेर वेगळा.”

“आसंल.”

...

“अरबीत असद,” शास्त्री जरा भराभर म्हणाला. “आणि हैदर. हजरत अलींना हैदर म्हणत. म्हणजे तुमच्या बाबांचं नावच सिंह.”

ठकूने फकिराकडे वळून पाहिले.

“खरं?”

“आईनं ठेवलं. मी पालीला भ्यायचो. तिला वाटलं, नावानं फरक पडेल.”

“पडला?”

“नाही. अजून भितो.”

शास्त्र्याला हे आवडले नाही. त्याने सर्वांत आवडता अर्थ शेवटी ठेवला होता.

“आणि मूळ सांगतो. वैयाकरण म्हणतात, हिंस असा धातू आहे. हिंसा त्यातूनच आली. त्याची अक्षरं उलटली, आणि सिंह झाला.”

“कुणी उलटवली?” फकिराने विचारले.

“कुणी म्हणजे... लोकांनी. बोलता बोलता.”

“लोकांना एवढी सवड नसते. त्याला पदरी ठेवलेला माणूस लागतो.”

शास्त्र्याचे कान तापले. तो काही बोलणार, तोच ठकूने विचारले,

“दवंडी ऐकली आमी. सरदाराच्या नावाला लावनार, त्यो सिंव्ह ह्यातला कंचा?”

“तो समासाच्या शेवटचा. श्रेष्ठ, असा त्याचा अर्थ. दख्खनेत श्रेष्ठ.”

ठकूने मूर्तीच्या आसनाखालच्या झिजलेल्या सिंहांकडे पाहिले.

“सिंव्ह मी बघितला न्हाई. आमच्या डोंगरात वाघ हाय. गेल्या साली दोन मेंढरं नेली त्यानं. प्वाट भरलं, गेला. बाकीच्या कळपाकडं वळून बी बघितलं न्हाई.”

“मग?”

“मग काय न्हाई.”

फकिराने तिचा हात उचलला आणि शास्त्र्यापुढे धरला. तळहातावर आडवी, बोटभर रुंद, काळी-लाल पट्टी उठली होती.

शास्त्र्याने नजर वळवली.

पंधरा दिवसांपूर्वी धनगरवाडी जळाली हे त्याला माहीत होते. गडावर त्या गोष्टीला ‘बंदोबस्त’ म्हणत. बिरुदावलीत त्याने स्वतः तिच्यासाठी ‘उपद्रवशमन’ असा शब्द योजला होता. तो शब्द सुचला त्या दिवशी तो खूश होता.

“हे कशानं?” त्याने विचारले. विचारायला नको होते, हे त्याला विचारतानाच कळले.

“दाराच्या कडीनं,” ठकू म्हणाली. “सरदाराच्या त्या आसनाखाली वटा बांधायचा व्हता. दगड वाह्यला बोलावलं. चार दिस गेलो समदी. पाचव्या दिशी मेंढरं वेत व्हती. न्हाई गेलो. सांजच्याला घोडी आली. उघडीप व्हती, छपरं वाळल्याली. सासू आत व्हती. कडी धरून वडली मी, पर तापली व्हती. मग दीर मागच्या कुडातनं आत शिरला. भिवा. आईला आनतो म्हनला.”

“मग?”

“मग काय न्हाई.”

खाली घाटात बाजाराला निघालेल्या बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता.

“सासूबाईंचं नाव काय?” शास्त्र्याने विचारले.

“कोंडाई.”

त्याने कलमदान काढले. मांडीवर कागदाचा एक तुकडा घेतला.

“काय करतोस?” फकीर म्हणाला.

“लिहून ठेवतो. विसरेन.”

“एकोणीस अर्थ विसरला नाहीस.”

शास्त्री लिहीत राहिला. थोड्याच ओळी होत्या, पण त्याला वेळ लागला. ठकू त्याच्या कलमाकडे पाहत होती. तिला वाचता येत नव्हते.

“भिवाचं वय?”

“लगीन ठरलं व्हतं.”

शास्त्र्याने तेच लिहिले.

शाई वाळायच्या आत घोडी आली.

सरदार धारराव शेवटचा चढ पायी चढून आला. दमला होता. घाम पुसत त्याने फकिराला वाकून सलाम केला. मागे बारा स्वार होते, एक रिकामी पालखी होती आणि पालखीमागे बाजारची पन्नासएक माणसे. पालखी कुणासाठी चालली आहे, हे त्यांना पाहायचे होते.

“बाबा, पालखी आणलीय.”

“कुणासाठी?”

“तुमच्यासाठी. दसऱ्याला तुम्ही आमच्या समोर बसायचं.”

“शास्त्र्याला विचार,” फकीर म्हणाला. “मला न्यायला तो आला होता.”

धारराव शास्त्र्याकडे वळला. त्याला आनंद झालेला दिसला.

“शास्त्रीबुवा, वाचा की मग. बाबांना ऐकू दे. आलेच आहेत तर ह्या लोकांनाही ऐकू दे.”

शास्त्री उठला. त्याच्या एका हातात तांबड्या रेशमात गुंडाळलेली बिरुदावली होती. दुसऱ्यात तो कागदाचा तुकडा.

त्याने फकिराकडे पाहिले. फकीर कोरफडीची साल गोळा करत होता.

शास्त्र्याने तुकडा डोळ्यांसमोर धरला.

“कोंडाई,” त्याने वाचले. “राहणार धनगरवाडी. डोळ्यांनी अधू. सिंहस्थाला जाऊन आलेली. भाद्रपद वद्य तृतीयेला घरात जळून मेली. भिवा, तिचा मुलगा. लग्न ठरलेले. आईला आणायला आत गेला, तोही मेला. घरं पेटवायचा हुकूम सरदार धाररावाचा.”

एक घोडे फुरफुरले. धाररावाने कागदाकडे बोट केले.

“हे काय आहे?”

“बिरुदावली.”

धाररावाने एक श्वास घेतला. तो मूर्ख नव्हता. त्याने शास्त्र्याला वाट करून दिली.

“शास्त्रीबुवा, चुकून भलताच कागद निघालाय. दुसरा काढा.”

“दुसरा खोटा आहे, सरदार. मीच लिहिलाय. मला माहीत आहे.”

धाररावाने नुसती मान हलवली. दोन स्वार पुढे झाले. एकाने शास्त्र्याच्या खांद्यावरची शाल ओढून घेतली. दुसऱ्याने त्याच्या पायाजवळचे कापडी गाठोडे उचलले आणि कड्यावरून खाली भिरकावले. गाठ वाटेतच सुटली. सात वर्षांचे कागद वाऱ्यावर पसरले आणि सावकाश दरीत उतरू लागले.

शास्त्री एक पाऊल कड्याकडे गेला... आणि थांबला.

“भटा,” धारराव आता हळू बोलत होता, “हात जोड. ऊन लागलं, भ्रम झाला म्हण. घर राहील, वतन राहील. एवढंच कर.”

शास्त्र्याने दोनदा तोंड उघडले. तिसऱ्यांदा शब्द निघाला, तोही इतका बारीक की मागच्या माणसांपर्यंत पोचला नाही.

“काय म्हनला?” मागून कोणीतरी विचारले.

ठकू उठून उभी राहिली.

“न्हाई म्हनला!” ती ओरडली.

माणसांत कुजबुज झाली. कोणी घोषणा दिली नाही. कोणी निघूनही गेले नाही. सगळी तिथेच उभी राहिली.

“सूर्य मावळायच्या आत माझा मुलूख सोड,” धारराव शास्त्र्याला म्हणाला. मग तो फकिराकडे वळला. “आणि तुम्ही? येताय, की उचलून नेऊ?”

“उचल,” फकीर म्हणाला. “तसेही गुडघे दुखतात.”

“नेऊन बसवीन.”

“बसव. लोक विचारतील, हा म्हातारा दोरीनं का बांधलाय.”

धाररावाने त्या पन्नास माणसांकडे पाहिले. त्यांतली बरीचशी त्याने कधी नीट पाहिलीच नव्हती. ती मात्र त्याच्याकडे नीट पाहत होती.

तो घोड्यावर बसला. पालखी रिकामीच घाट उतरली.

दसऱ्याला त्याने बिरुद घेतलेच. दुसऱ्या कुणाकडून तरी लिहून घेतले. समारंभ झाला, नगारा वाजला. पाच गावांतून कोणी गेले नाही, असे सांगतात. फकिराला न्यायलाही कोणी आले नाही. शास्त्री पुढे गोदाकाठी पोरांना बाराखडी शिकवत होता म्हणे. तो ग्रंथ त्याने पुन्हा लिहिला नाही.

पण त्या दुपारी हे काहीच घडलेले नव्हते. स्वार गेले, माणसे पांगली, आणि शास्त्री लेण्याच्या पायरीवर बसला. त्याला घरी जाऊन बायकोला सांगायचे होते. संध्याकाळपर्यंत सामान आवरायचे होते. त्याला उठता येईना.

ठकूने चांगल्या हाताने त्याला पाण्याचा तांब्या दिला. त्याने तो घेतला. अर्धे पाणी धोतरावर सांडले.

त्याने तांब्या खाली ठेवला.

“बाबा, मी भ्यालो होतो.”

“हं.”

“आवाजसुद्धा निघत नव्हता.”

“ऐकला मी.”

“अजून भीती जात नाही. हे बघा...” त्याने दोन्ही हात पुढे केले. ते उन्हातही थंडी भरल्यासारखे हलत होते. “हे थांबतच नाहीत.”

हैदरशाने त्या हातांकडे बराच वेळ पाहिले.

“थरथरू देत,” तो म्हणाला. “जोडले तर नाहीस ना?”